अनुभव धागा: नाद त्यांचा, गोडी आपली

घरातल्या कुणाच्या वेडापायी एखादा खेळ तुम्हालाही आवडायला लागलाय? लिहा. सुरुवात मी करते.

झाडीची सून
माहेर नागपूर, सासर साकोलीकडे. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, शंकरपटाचा, बैलजोड्यांच्या शर्यतीचा नाद. माझं लग्न झालं ते बंदीच्या काळात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, पण मामाजींनी जोडी विकली नाही. रोज संध्याकाळी बैलांना नदीपर्यंत फिरवून आणायचे. मला वाटायचं, काय हा खर्च! डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मग आमच्याकडे पट भरला. माझ्या वाट्याला आली धूळ, भोंगा आणि पाहुण्यांच्या भाकरी. रात्री सगळे नाटकाला, मी भांड्यांपाशी.

दुसऱ्या वर्षी मामाजी मला दानीवर, म्हणजे जोड्या धावतात त्या पट्टीवर, घेऊन गेले. मी आपली जिथं गर्दी ओरडत होती तिकडे बघत होते. ते म्हणाले, "शेवट काय पाहून रायली पोरी, जोडी सुटते कशी ते पाह्य." मग दिसलं. डावा बैल अर्धं पाऊल आधी निघाला की छकडा तिरपा होतो, आणि तो सरळ करण्यातच वेळ जातो. घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजतं, तिथं अर्धं पाऊल म्हणजे खूप झालं. आता मीही सुटतानाच बघते. बैलांच्या हालाचा प्रश्न मला अजून पडतो, खोटं कशाला बोलू. नियमानं काठीला आणि बैलाला टोचायच्या तुतारीला बंदी आहे. मामाजींच्या हाती ती मी आधीही पाहिली नाही. पण सगळे मामाजी नसतात.

अचलपूरची आई
पोरगी कबड्डी खेळते. आधी मी फक्त तिचे सोललेले गुडघे बघायची आणि हळद लावायची. आता समोर किती गडी उरले ते मोजते. तीन किंवा कमी असताना पकड झाली तर पकडणाऱ्यांना दोन गुण. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारी बाद. परवा तिची तिसरी चढाई होती. तीस सेकंद मी श्वासच घेतला नाही, दम जणू मलाच धरायचा होता.

कपाशीवाला
बाबांचं क्रिकेट. २०१७ च्या डिसेंबरात वेचणी सुरू होती आणि इंदूरला रणजीची फायनल. बाबा ओट्यातला कापूस गंजीवर टाकायला आले की आधी माझ्या मोबाईलवर स्कोअर. विदर्भाचा गोलंदाज गुरबानी, त्याची हॅटट्रिक झाली तेव्हा ते कपाशीच्या ओळीत मटकन बसलेच. १ जानेवारीला विदर्भानं दिल्लीला नऊ गड्यांनी हरवलं आणि पहिल्यांदा रणजी जिंकली. बाबा बोलले काही नाही, वेचणाऱ्या बायांना मात्र चहासोबत आलुबोंडे आले. तेव्हापासून रणजी मीही बघतो.

चहावाली
नवऱ्याचं व्हॉलीबॉल. सहा वर्षं झाली, मला अजून कंटाळाच येतो. थर्मास मात्र मैदानावर नेते.

अचलपूरची आई
झाडीची सून, मामाजींची जोडी आता कशी आहे?

झाडीची सून
एक बैल म्हातारा होऊन गेला. जोडीदार शोधणं सुरू आहे. मागच्या बाजारात एक पांढरा खोंड त्यांच्या मनात भरला होता. खिशातून पैसे काढता काढता थांबले आणि मला म्हणाले, "चालवून पाह्यला. पाऊल कसं वाटते तुले?" मी नाही म्हटलं. रिकामेच परत आलो.