रेकॉर्डिंग मध्येच तुटतंय, नवीन यूएसबी इंटरफेस कुठला घेऊ?

मिरजेची_लेक
मंडळी, सल्ला हवाय. बाबांचे अभंग घरीच रेकॉर्ड करून ठेवतेय. बाबा ७४ वर्षांचे, आवाज अजून खणखणीत, पण एकच अभंग तिसऱ्यांदा म्हणायला लावला की उठून जातात. सामान असं: दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), एक माइक गळ्याला, एक पेटीला. विंडोज ११चा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, रेकॉर्डिंगला रीपर सॉफ्टवेअर. बफर १२८, सॅम्पल रेट ४४,१००.
मध्येच 'खट्' होतं आणि क्षणभर आवाज गायब. कधी मिनिटात दोनदा, कधी बराच वेळ काहीच नाही. दुकानदार म्हणतो इंटरफेस गेला, नवा घ्या. बजेट १५ हजार. कुठला घेऊ?

खर्जातला_सा
आधी पाकीट आत ठेवा. एक सांगा, हा खट् फक्त हेडफोनमध्ये येतो की रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्येही आहे? दोन्हींचे इलाज वेगळे.
आणि तपासणीसाठी बाबांना बसवू नका. घरात इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेलच, तो माइकसमोर ठेवून १० मिनिटं रेकॉर्ड करा. अभंगात श्वासाची जागा कुठली आणि तुटलेली जागा कुठली यात गफलत होते. तंबोऱ्याचा सूर सलग, त्यात खड्डा लपत नाही.

लिनक्सवाला
लिनक्स टाका, सगळे प्रश्न सुटतील. :)

खर्जातला_सा
@लिनक्सवाला, आणि नवे येतील. बाबा ७४ वर्षांचे आहेत, तेवढा वेळ नाही.

मिरजेची_लेक
फाइलमध्येही आहे. मोठं करून बघितलं तर लाट वर चढता चढता सुरीनं कापल्यासारखी तुटते आणि पुढची भलत्याच जागेवरून सुरू होते. १० मिनिटांत ९ खड्डे मोजले.

खर्जातला_सा
झकास, आता मोजमाप हातात आलं. इंटरफेस गेलाय असं मला अजिबात वाटत नाही. गेलेला इंटरफेस सहसा लॅपटॉपला दिसेनासा होतो, नाहीतर सतत खरखरतो.
पंगत डोळ्यांसमोर आणा. बफर म्हणजे ताटात एका वेळी वाढलेला भात. तो संपायच्या आत वाढपी फिरून आला पाहिजे. १२८ सॅम्पल (आवाजाचे नमुने), सेकंदाला ४४,१०० चा रेट, म्हणजे वाढप्याला मिळतात जेमतेम २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) प्रोसेसरला ४ मिलिसेकंद अडवून धरलं की ताट रिकामं. तुमचा खट् बहुधा तोच. लॅपटॉप कितीही दणकट असला तरी हे होतं, कारण प्रश्न ताकदीचा नाही, वेळेवर येण्याचा आहे. रॅम वाढवूनही फरक पडणार नाही.
शिवाय यूएसबीवरून ऑडिओ जातो त्याला दुसरी संधी नसते. पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना एखादा तुकडा बिघडला तर तो परत पाठवला जातो. इथे हुकला तो हुकला.
आता मूळ मुद्दा. बफर १२८ का ठेवलाय? मोठा केला की हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, म्हणूनच ना? इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण किंवा खुंटी असेल. ती चालू केली की बाबांना स्वतःचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर ५१२ करा, १०२४ करा, गाणाऱ्याला कळणारही नाही. फक्त रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल.
नंतर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर उतरवा, घरगुती वापराला फुकट आहे. १० मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर रस्ता अडवतोय त्याचं नावच दाखवतं. माझ्याकडे वायफायचा निघाला होता.
एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर तंबोरा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही.

चिकूचं_झाड
वरच्याला +१. इंटरफेस हबमधून (एका यूएसबी पोर्टाचे अनेक करणारा डबा) जोडलाय का? हबला माउस, हार्ड डिस्क असं सगळं कुटुंब असेल तर काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. केबल हलवून बघा, खट् झालं तर पन्नास रुपयांची ढिली केबल निघायची. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्ट झोपवतं. काही नव्या लॅपटॉपांत तो पर्याय दिसतच नाही. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढायची.

खर्जातला_सा
हो, आणि रीपरमध्ये ड्रायव्हर कुठला निवडलाय? एसिओफोरऑल असेल तर तो विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला अंगरखा आहे. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंगसाठीच बनवलेला, आवाज कमी उशिरानं नेणारा) मिळत असेल तर तोच घ्या.

मिरजेची_लेक
हिशोब देते. एसिओफोरऑलच होतं, दुकानातून घालून दिलं होतं. कंपनीचा ड्रायव्हर टाकला: ९ चे ६. बफर ५१२: ६ चे २. लेटन्सीमॉनमध्ये नेटवर्कचा ड्रायव्हर लालभडक. वायफाय बंद केलं: २ चा १. तो शेवटचा एक काही केल्या जाईना. मग हब काढला. रीपर ज्या हार्ड डिस्कवर फाइल लिहीत होतं ती आणि इंटरफेस एकाच हबवर होते! इंटरफेस थेट लावला, फाइल लॅपटॉपच्याच डिस्कवर. सलग ४० मिनिटं, शून्य.
यूएसबी सस्पेंडला हात लावायची वेळच आली नाही.

चिकूचं_झाड
वा! मग १५ हजारांचं काय करणार?

मिरजेची_लेक
तेच विचारायचंय. शेवटच्या फेरीत तंबोरा इतका वेळ वाजत होता की बाबा आपणहून येऊन बसले आणि गायला लागले. ते अख्खं रेकॉर्ड झालंय, एकही खड्डा नाही. पण मागे पंख्याची घरघर आहे, आणि पंखा बंद केला की बाबा उठतात. त्याचा वेगळा धागा काढते.