मदत हवी आहे: घराशेजारच्या डबक्यावर कारवाई करायचा अधिकार कोणाचा?

वैतागलेला_बाप: मुलगी डेंग्यूनं चार दिवस भरती होती, काल घरी आणली. भिंतीला लागून रिकामा प्लॉट, त्यात गुडघाभर पाणी. एका ऑफिसात म्हणाले, आमची हद्द नाही. दुसऱ्यांनी परत पहिल्याकडे धाडलं. कोविडात एक पेशंट निघाला की अख्खी गल्ली सील व्हायची. मग आता कायदा बदलला का? अर्ज कोणाकडे देऊ? लवकर सांगा.

संत्रानगरी: राहता कुठं? नागपूर महापालिकेचे दहा झोन, कडेला नगरपंचायती, ग्रामपंचायती. हे न सांगता कोण काय सांगणार?

गुणकारी: पपईच्या पानांचा रस द्या, सकाळ-संध्याकाळ.

संत्रानगरी: त्यांनी औषध नाही विचारलं, भाऊ. डॉक्टरांना विचारल्याबिगर काही देऊ नका.

जुना_निरीक्षक: ३० वर्षं याच खात्यात काढली. कोविडातले अधिकार वेगळे. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली राज्यानं मार्च २०२० मध्ये नियम काढून आयुक्त-जिल्हाधिकाऱ्यांना ते दिले, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठले. डबक्याला रोजचाच कायदा लागतो: महापालिकेत १९४९ चा, नगरपंचायतीत १९६५ चा, ग्रामपंचायतीत १९५८ चा. नोटीस प्लॉटमालकाला जाते. टॅक्स पावती कोणाची येते?

इतिहासप्रेमी: १८९७ चा कायदा इंग्रजांनी प्लेगात आणला. त्याच वर्षी चापेकरांनी पुण्यात रँडवर गोळी झाडली. असले अधिकार कलेक्टरच्या हाती नकोच.

संत्रानगरी: मग कोणाच्या? ७४ व्या घटनादुरुस्तीत सार्वजनिक आरोग्य शहरी संस्थांच्या यादीत आलं. त्यांच्याकडे माणसं अन् पैसा नाही, खरं दुखणं ते आहे.

कूलर_दुरुस्ती: राजेहो, भांडण मागून करा. डेंग्यूचा डास बहुतेक घरातल्या स्वच्छ साचल्या पाण्यात अंडी घालतो. उन्हाळ्यातला कूलर रिकामा केला का?

वैतागलेला_बाप: आत्ता पाहिला. तळाशी अळ्या वळवळत होत्या. पाणी कोरड्या मातीत ओतलं, टाकी घासली. माझ्याच घरात होतं, पोरीच्या खिडकीखाली. पण डबकंही हटलंच पाहिजे. पावती ग्रामपंचायतीची यायची, दोन वर्षं आलीच नाही. लेआउटवाला फोन उचलत नाही.

जुना_निरीक्षक: मग गाव नगरपंचायतीत गेलं असेल, नाहीतर शहराच्या हद्दीत. दोन्हीकडे अर्ज द्या, प्रत जिल्हा हिवताप अधिकाऱ्याला. तिन्हींवर आवकचा शिक्का घ्या, तोंडी काही ऐकू नका. प्लॉटचा आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, झालाय का?

वैतागलेला_बाप: माझ्या प्लॉटचा की शेजारच्या?