वास आला तर एक्झॉस्ट नको
ताई, गॅसचा वास आला की लगेच एक्झॉस्ट फॅन लावा, हा तुमचा सल्ला कृपा करून बदला. बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगीही पुरते. दिवा चालू असेल तर चालूच राहू द्या. आधी कॉक बंद, मग दारं-खिडक्या हातानं उघडायच्या, आणि १०१ला फोन घराबाहेर पडून.

आपल्या बडोद्यात घरोघरी पाइपचा गॅस आहे. तो हवेपेक्षा हलका, छताकडे चढतो. सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपवाल्यांना वरचा झरोका हवाच. दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघर नवं करताना नेमका तोच बुजवतात, बघून जीव तुटतो. कॉकची मूठ पाइपला आडवी म्हणजे बंद. शाळकरी मुलांनाही ती प्रत्यक्ष फिरवायला लावा.

आणि कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच नाही. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल चौफेर उसळतं. गॅस बंद करा, स्टीलचं ताट बाजूनं सरकवत झाका, कढई पूर्ण निवेपर्यंत उचलू नका.