ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन: हवाई अंतर किती, वेळ किती?

सराफा_इंदूर: नॉर्वेतल्या या दोन गावांमधलं अंतर नकाशावर अफाट दिसतं. विमान मात्र पावणेदोन तासांच्या आत पोहोचतं म्हणे. हिशेब जुळत नाही.

अक्षांश_रेखांश: अहो, नकाशाच फसवतो. मर्केटर नकाशात ७० अंशांजवळ अंतर जवळपास तिप्पट ताणलं जातं, ७८ अंशांवर पाचपट. ट्रॉम्सो ६९.७ उत्तर, लाँगयिअरब्येन ७८.२५ उत्तर. रेखांशातला फरक साडेतीन अंश, पण तिथे रेखांश इतके जवळ येतात की तो जेमतेम शंभर किमी भरतो. म्हणजे मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेचा. अक्षांशातला फरक ८.६ अंश धरा, गुणिले १११ (एका अंशाचे किमी), साधारण ९५५ किमी. इंदूर-दिल्ली ६६० च्या आसपास, त्याच्या दीडपट समजा.

धावपट्टी: वेळेसाठी ९५५ भागिले ८०० (विमानाचा ताशी वेग, किमी) करून थांबू नका. ते झालं सव्वा तासाच्या आत. टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवर चालणं), चढण, उतरण यांची २०-२५ मिनिटं मिळवली की वेळापत्रकातला आकडा येतो. वारा समोरून असेल तर थोडा वाढतो. खरी अडचण तिकडच्या धुक्याची. उतरता आलं नाही तर बहुधा मुख्य भूमीवरच परतावं लागतं. म्हणून परतीचं पुढचं विमान त्याच दिवसाचं घेऊ नये.

सराफा_इंदूर: व्हिसा?

अक्षांश_रेखांश: लाँगयिअरब्येन ज्या द्वीपसमूहात आहे तो स्वालबार्ड, नॉर्वेचा असूनही, शेंगेनबाहेर (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर) आहे. एकेरी प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतताना अडकाल. दुहेरीच काढा.