मदत हवी आहे: कपाशीच्या लाल्याची एक्स्पर्ट सिस्टीम अडकली

कपाशीवाला:
भाऊ लोकं, बीसीएच्या शेवटच्या वर्षाले आहे, गाव दारव्ह्याजवळ. एआयच्या प्रोजेक्टमध्ये कपाशीचं पान लाल कायनं झालं ते ओळखणारी एक्स्पर्ट सिस्टीम, म्हणजे जाणकारासारखं निदान सांगणारा प्रोग्राम, करून राह्यलो, पायथनमध्ये, सगळं इफ-एल्सवर, नियम बाबाले विचारून लिहिले. आता "पान लाल" टाकलं का पहिलाच नियम लागते अन् मॅग्नेशियम कमी सांगून मोकळी होते. बाबाले दाखवलं तर ते मले सरळ वावरात घेऊन गेले, पान पलटवलं तर खाली तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, तिरपे पळून राह्यले, कडा वळलेल्या. म्हणे तुह्या मशीननं पान पलटवलंच कुठं? नियम खालीवर केले तर आता सगळीकडेच तुडतुडे सांगते. सर म्हणतात नॉलेज बेस अन् इन्फरन्स इंजिन वेगळं कर, म्हणजे नेमकं काय करू? अन् "बहुतेक" कसं लिहायचं, बाबा तर दर वाक्यात बहुतेक म्हणतात. सोमवारी सबमिशन आहे, लाइनचा भरोसा नाही.

जुना_कोडर:
नियम कोडात कोंबू नको रे, वेगळ्या यादीत ठेव, तोच नॉलेज बेस. इन्फरन्स इंजिन म्हणजे ती यादी वाचून नियम लावणारा कोड, उद्या बाबांनी नवा नियम सांगितला तर कोडाला हात लावायचं काम नाही. अन् पहिला नियम लागला की थांबायचं नाही, सगळे लागू दे. बहुतेकसाठी मायसिन नावाची जुनी एक्स्पर्ट सिस्टीम पाहा, १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला रक्तातला जंतुसंसर्ग ओळखायला केली होती. त्यात प्रत्येक नियमाला खात्रीचा आकडा असते. एकाच निदानाकडे नेणारे दोन नियम, एक ०.६ चा, दुसरा ०.५ चा, तर दोन्हीची मिळून खात्री ०.६ + ०.५ × (१ − ०.६) = ०.८. ती उलटीकडून चालायची, आधी निदान धरायचं, मग त्याला लागते तेवढंच विचारायचं. "पान पलटवलं का?" हा प्रश्न तसाच आपोआप येईल. डॉक्टरनं "हे का विचारतेस" म्हटलं तर कोणत्या नियमासाठी ते पण सांगायची, हे मले सगळ्यात भारी वाटते.

कपाशीवाला:
जमलं भाऊ! रात्री लाइन गेली तर लॅपटॉपच्या बॅटरीवर केलं. लाल पण शिरा हिरव्या असल्या तर मॅग्नेशियमकडे जाते, कडा वळलेल्या असल्या तर पान पलटवायले सांगते. पण वरच्या वावरात तुडतुडे ०.७ अन् मॅग्नेशियम ०.६, दोन्ही येऊन राह्यले. बाबा म्हणतात बरोबरच आहे, दोन्ही आहेत तिथं. पण सरांच्या फॉर्मवर निदानाचा रकाना एकच आहे, त्यात काय लिहू?