कळ दाबायची की काढायची?

भाषांतरकार : एका सॉफ्टवेअरच्या मराठी आवृत्तीचं काम हातात आहे. 'पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा' असं लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. म्हणाली, "कुणाच्या पोटात दुखतंय?" तेव्हापासून ते वाक्य मलाही खुपायला लागलंय. 'कळ' ठेवू की 'बटण' करू? आणि अनेकवचन काय करायचं?

मुद्रितशोधक : ठेवा की. यंत्राची कळ काही संगणकाबरोबर आलेली नाही. ती संस्कृत 'कला'वरून आलेली, हिंदीतल्या 'कल-पुर्जे'मधली 'कल' तीच. भांडणाची कळ निराळी, ती 'कलि'ची लेक. नारद कळलाव्या ठरतो तो तिच्यामुळे. आईंना आठवली ती तिसरी. अनेकवचनाचं दुखणं मात्र खरं आहे. बाळंतपणाच्या कळा, मरणकळा हे इतकं रुळलंय की 'कळफलकावरच्या कळा' वाचताना दवाखाना आठवतो. 'कळी' करावं तर फूल डोकावतं. मी सरळ वाक्य फिरवून एकवचनात आणतो.

कुडाळचा : 'कळसूत्री'ला विसरू नका. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) हे त्यांचेच, पण वेगळे प्रकार. परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. दोरा जरा ओढला की बाहुलीची मान वळते. कळ म्हणजे हेच ना, इथे हात लावायचा आणि तिकडे काहीतरी हलायचं? कळफलकावर वेगळं काय होतं?

भाषांतरकार : हे आवडलं. मग 'कळीचा मुद्दा' कुठल्या कळीचा? मला इतकी वर्षं भांडणाचा वाटायचा.

मुद्रितशोधक : यंत्राच्या कळीचा. जो हलवला की बाकीचं सगळं हलतं, तो. 'कळीचा नारद' मात्र भांडणाचा. रूप एकच, आई वेगळ्या.

निवृत्त शिक्षिका : माझ्या मते खरी गंमत 'कळ काढणे'त आहे. वर्गात रोज ऐकायचे, "बाई, यानं माझी कळ काढली." आणि मधल्या सुट्टीला दहा मिनिटं असताना डबा उघडणाऱ्याला मीच म्हणायचे, "अरे, जरा कळ काढ!" एकात खोडी, दुसऱ्यात धीर. 'माझी', 'त्याची' असं काही आधी आलं की भांडण, नुसतं आलं की सोसणं.

कुडाळचा : बाई, नेहमी नाही हं. "आधी कळ काढायची आणि मग रडत यायचं" यात 'कुणाची' कुठे आहे?

निवृत्त शिक्षिका : बरोबर. तिथे पुढचं रडणं अर्थ सांगतं. नियम मागे घेते, पण अर्धाच.

टंकलेखक : मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्रजीत 'की' एकच, आपल्याकडे वाटण्या झाल्यात. कुलपाची चावी (ही पोर्तुगीजांकडून आली) किंवा किल्ली, पेटीची पट्टी, कळफलकाची कळ. पडद्यावर बोटानं दाबायचं ते बटण. काळी दोनला कुणी 'कळ' म्हणत नाही. तेव्हा तुमच्या वाक्यात कळफलक असेल तर कळ, पडदा असेल तर बटण. एवढं पाळलं तरी पुरे. जाता जाता : इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी) 'कळ' लिहायला 'के'वरचा क, मग शिफ्ट धरून 'एन'. नुसता 'एन' दाबलात तर 'कल' उमटतं, म्हणजे हिंदीतला उद्या.

भाषांतरकार : 'कळफलकावरील कोणतीही कळ दाबा' असं करून पाठवलं. आईनं पास केलं. ग्राहकानं 'कीबोर्डवरील कोणतेही बटण दाबा' करून परत पाठवलंय.

निवृत्त शिक्षिका : जरा कळ काढा.