डीएनए पॉलिमरेजची बोटं स्फटिकात मिटतच नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पीएचडीसाठी एका जिवाणूच्या डीएनए पॉलिमरेजवर, म्हणजे डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरावर (एन्झाइम), काम करतोय. आर्थर कॉर्नबर्ग यांना १९५९ चं नोबेल ज्या विकरामुळे मिळालं, त्याच कुळातलं हे. रचना ओळखीचीच, हातासारखी: तळवा, अंगठा आणि बोटं असे तीन भाग. योग्य न्यूक्लिओटाइड (डीएनएचा सुटा घटक) येऊन बसला की बोटं आत वळतात, तळव्यातले दोन मॅग्नेशियम आयन जागेवर येतात आणि वाढत्या साखळीला त्याची जोडणी होते. टेम्प्लेटच्या (नक्कल होणाऱ्या साखळीच्या) बेसशी जोडी बरोबर आहे की नाही याची पारख मिटण्याच्या याच टप्प्यावर होत असावी असं मला वाटतं, आणि सगळा प्रबंध त्याभोवतीच उभा आहे.

अडचण अशी. प्रायमरच्या (वाढत्या साखळीच्या) टोकाला पुढची जोडणी रोखणारा डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइड लावून स्फटिक योग्य डीएनटीपीत (तीन फॉस्फेट असलेला, जोडला जाणारा न्यूक्लिओटाइड) भिजवला, की क्ष-किरणांनी काढलेल्या नकाशात डीएनटीपीची इलेक्ट्रॉन घनता दिसते. पण फक्त तिन्ही फॉस्फेटची. बेस आणि शर्करा अगदी पुसट. बोटं मात्र सताड उघडी! स्फटिक अमोनियम सल्फेटमध्ये वाढतात, त्यामुळे सल्फेट फॉस्फेटच्या जागेवर हक्क सांगत असेल असा पहिला संशय. दुसरा संशय स्फटिकातल्या बांधणीवर: बोटांचं टोक शेजारच्या रेणूला टेकलेलं आहे, त्याला हलायला वावच नाही.

द्रावणात चित्र वेगळंच आहे. टेम्प्लेटमध्ये अडेनिनऐवजी २-अमिनोप्युरिन हा चमकणारा बेस घालून स्टॉप्ड-फ्लोवर (द्रावणं झटक्यात मिसळून प्रकाश मोजणारं यंत्र) पाहिलं, तर काही मिलिसेकंदांतच प्रकाश बदलतो. डायडिऑक्सी प्रायमरवरही बदलतो, म्हणजे हा टप्पा जोडणीच्या आधीचा हे नक्की. रॅपिड क्वेंचमध्ये (अभिक्रिया ठरावीक क्षणी थांबवून) मोजलेली जोडणी त्याहून बरीच सावकाश होते. पण हा बदल बोटं मिटल्याचा, की त्याआधी टेम्प्लेटचा बेस सरकल्याचा? इथेच गाडी अडली आहे. बोटांवर एक आणि डीएनएवर एक असे रंग लावून एफआरइटी (दोन रंगांमधलं अंतर प्रकाशावरून ओळखण्याची पद्धत) करावं असं मनात आहे, पण रंग सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो, त्यामुळे विकरातले आधीचे सिस्टीन काढावे लागतील आणि मग क्रियाशीलता टिकेल का ही धास्ती आहे.

जाणकारांना विचारायचंय:

भिजवण्यापेक्षा विकर, डीएनए आणि डीएनटीपी एकत्रच पेगमध्ये (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, सल्फेटऐवजी) स्फटिकवून कुणाला मिटलेलं रूप मिळालंय का? सुरुवातीला सल्फेटमधल्या स्फटिकाचा बारीक तुकडा बी म्हणून टाकला तर जुनीच बांधणी परत येते का?

डायडिऑक्सीमुळे ३' टोकाचा हायड्रॉक्सिल जातो आणि एका मॅग्नेशियमचा आधारच सुटतो. म्हणून साधा प्रायमर ठेवून अल्फा आणि बीटा (पहिल्या दोन) फॉस्फेटच्या मधे ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन असलेला, न तुटणारा डीएनटीपी वापरावा म्हणतो. तो महाग आहे, म्हणून आधी विचारतोय. मॅग्नेशियमऐवजी कॅल्शियम घालून काम भागेल का? विकराची एक्झोन्यूक्लिएज (टोकाकडून डीएनए तोडण्याची) क्रिया आधीच म्युटेशनने बंद केलीय, त्यामुळे प्रायमर कुरतडला जाण्याची भीती नाही.

बीमटाइम (क्ष-किरण केंद्रावर मिळालेली वेळ) जवळ आलाय, तेव्हा न जमलेल्या प्रयोगांचे अनुभवही जरूर लिहा. शक्यतो व्यनि नको, धाग्यावरच लिहा. या विकरांवर काम करणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.